तुझ्या तोंडातलं माझं दही

दादा, काल तुझं दहावं झालं आणि कावळ्यानं माझ्या दह्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पिंडाशेजारी दहीभात ठेवायची कल्पना वहिनीची. "शेवटी शेवटी तेच तर खायाचे," म्हणाली. म्हणून मी डोंबिवलीहून डबा घेऊन कोलशेतला आले. तोच डबा, झाकणाला पोचा पडलेला, जो बघून तू म्हणायचास, "आलं बघ औषध." खाडीकाठी केळीच्या पानावर दहीभात मांडला. कावळे नव्हते असं नाही. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीवर रांग लावून बसले होते आणि आमची गंमत बघत होते. बाळूकाकांनी हात जोडून तुला सगळी वचनं दिली. पोरांचं बघू, वहिनीला अंतर देणार नाही, दवाखान्याला टाळं लागू देणार नाही. एकही कावळा हलला नाही. मग काकांनी दहीभाताचं पान बाजूला सारलं आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "दही नको त्याला. दह्यानंच घात केला त्याचा." कमरेची पुडी सोडली, तंबाखूची चिमूट पिंडाजवळ ठेवली. आणि तू आलास. लगेच आलास.

दादा, लाज नाही वाटली तुला?

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं माझ्याकडे पाहिलं. गावात आता हेच बोललं जातं, तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. डॉक्टरची बहीण कल्याणच्या कॉलेजात जंतू शिकवते, तिनं भावाला दही चारत ठेवलं, म्हणून तो वेळेवर इस्पितळात गेला नाही, म्हणून गेला. कुणी तोंडावर बोलत नाही. काका सोडून. बाकीचे माझ्या हातचा चहा घेताना कपात बघतात. मी शिकलेली, मी शहाणी, मी आपल्या घरातली पहिली पोरगी जी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसली. आणि मी माझ्या भावाला दह्यानं मारलं.

तुला माहीत होतं की असं बोलतील. तू या गावात जन्मलास, लोकांच्या नाड्या बघत म्हातारा व्हायला लागलास. माहीत असूनही तू गप्प बसलास.

आपल्या घरात दही मुळात परकंच होतं. आयचा नियम आठवतो ना? चुलीवर मासळी असली की दही घरात यायचं नाही. "एका जेवनान दोन्ही नाय, अंगावर डाग उठतात," असं म्हणायची, आणि आपल्या घरात मासळी रोजच, त्यामुळे दही कधी यायचंच नाही. मी दह्याची चव शिकले ती कॉलेजात, ब्राह्मण मैत्रिणीच्या डब्यातून. पुढे तेच दही काचेच्या पट्टीवर पसरून निळ्या रंगात बुडवून बघितलं आणि त्यातल्या काड्या-काड्यांच्या जंतूंच्या प्रेमात पडले. तू हसायचास. "लोकं पोरांच्या प्रेमात पडतात, आमची कमल दह्याच्या."

मग तुझा माजिवड्याचा दवाखाना. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. तोंड आलेली पोरं, बाया, कारखान्यातले कामगार यायचे आणि तू सगळ्यांच्या जिभेला ते जांभळं औषध फासायचास. अर्धा माजिवडा ओठ जांभळे करून फिरायचा. कुणी जाईचा पाला चघळून यायचं, कुणी टाकणखार मधात कालवून. मी तुला म्हटलं, निदान त्या जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स संपलेल्यांना तरी दही खायला सांग, तुझ्या गोळ्यांनी त्यांच्या तोंडातले चांगले जंतूही मेलेत. तू डोळे बारीक करून ऐकलंस आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचंच संशोधन असल्यासारखं पेशंटना ऐकवायला लागलास. नाही, खोटं नको बोलायला. नाव माझंच सांगायचास. "माझी बहीण जंतूंची मास्तरीण आहे. ती बोलली दही, म्हणजे दही." बाया खुदुखुदु हसायच्या आणि दही खायच्या. बऱ्याही व्हायच्या.

यावरून आपण किती भांडलो! तू म्हणायचास, दह्यानं बरं केलं. मी म्हणायचे, दह्यानं काही केलं नाही, त्या आठवड्याभरात बऱ्या झाल्याच असत्या. तोंडातला फोड म्हणजे उघडं पडलेलं मांस. तिथं पहिल्यांदा धावतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्या जंतू खातात आणि मरतात. मागून मोठ्या पेशी येऊन मेलेलं, कुजलेलं सगळं साफ करतात. मग कडेची कातडी हळूहळू आत सरकते आणि खड्डा झाकते. हे सगळं शरीर करतं. दह्यातले जंतू फार तर त्या पेशींना जागं ठेवत असतील, किंवा उगाच चवताळलेल्यांना शांत करत असतील. कुणाला नक्की ठाऊक नाही. मलाही नाही. तू म्हणायचास, "तू फार कंजूस आहेस गं. दह्याला जरा श्रेय दिलंस तर तुझ्या बापाचं काय जातं?" आणि माझा बाप तोच तुझाही बाप, हे ध्यानात येऊन आपण दोघं हसायचो. हा वाद अर्धाच राहिला. आता मी तो एकटीनं कुणाशी घालू?

आणि धर्मा. धर्माचं काय करू मी, दादा?

मिठागरात काम करणारा धर्मा तुझ्याकडे आला तेव्हा मी दवाखान्यात बसले होते. खोकल्याचं औषध न्यायला आला होता बिचारा. तू सहज बॅटरी मारून घसा बघितलास आणि तुझा चेहरा बदलला. गालाच्या आत, तंबाखू धरायच्या जागी, एक घाव. तू बोट घालून चाचपलंस. विचारलंस, "दुखतं?" तो म्हणाला, "नाय दाक्तर, कायपन नाय. मिर्ची खाली तरी समजत नाय." त्यावर तू असा काही उसळलास की बाहेरच्या बाकावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्याला त्याच दिवशी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलंस, सोबत कंपाउंडर दिलास पळून जाऊ नये म्हणून. तो गेल्यावर मला म्हणालास, "दुखणाऱ्या तोंडाला मी भीत नाही, कमे. दुखतंय म्हणजे शरीर भांडतंय. जे दुखत नाही, कडेनं टणक लागतं आणि जातच नाही, त्याची मला भीती वाटते."

हे तू मला शिकवलंस. मी वर्गात हे वाक्य तुझ्या नावासकट सांगत आले.

धर्माचा जबडा एका बाजूनं काढला. तो घरी आला आणि गमछ्यानं तोंड झाकून ओटीवर बसू लागला. तू त्याला बघायला जायचास आणि येऊन जेवायचा नाहीस. एकदा म्हणालास, "मी त्याला वाचवला की काय केलं तेच कळत नाही." मी म्हटलं, वाचवलास. तू मान हलवलीस. तू बोलणारा माणूस, दादा. तुझा अर्धा दवाखाना तुझ्या बोलण्यावर चालायचा. बोळकं झालेल्या तोंडानं, गमछ्याआडून बोलणारा डॉक्टर तुला स्वतःला चालला नसता. हे मला समजतं. समजतं म्हणूनच जास्त राग येतो.

कारण धर्मा जगला. काल खाडीवर आला होता, नातवाचा हात धरून.

गेल्या वर्षी गौरी-गणपती गेल्यावर तू म्हणालास, "तोंड आलंय गं. दात लागला वाटतं." मी म्हटलं, बघू. तू तोंड उघडलंस, लगेच मिटलंस आणि "स्स" केलंस. "हात नको लावू, आग होते." मी तंबाखूवरून तुला शिव्या घातल्या. तू कान पकडलेस आणि म्हणालास, सोडली. मी म्हटलं, कुणा सर्जनला दाखव. तू हसलास. "दुखतंय गं. दुखतंय म्हणजे पेशी कामाला लागल्या. तूच शिकवतेस ना पोरांना?"

माझं वाक्य. म्हणजे तुझंच, पण माझ्या वर्गातून धुऊन निघालेलं. ते तू माझ्याच गळ्यात घातलंस आणि मी खूश झाले.

त्यानंतर दर रविवारी मी दही घेऊन यायला लागले. म्हशीचं दूध, मंद आचेवर आटवलेलं, शनिवारी विरजलेलं. येताना डबा मांडीवर धरून बसायचे, पाणी सुटू नये म्हणून. आणि मी दही आणणार म्हणून त्या दिवशी तुझ्या घरात मासळी बंद. आय गेली तरी तिचा नियम वहिनीनं सोडला नव्हता. कोळ्याच्या घरात रविवारी वरणभात! तुझी पोरं माझ्यावर दात खाऊन असायची. "आत्या आली, आता गवत खा," असं धाकटा एकदा माझ्या देखत बोलला आणि वहिनीनं त्याला धपाटा घातला. तू मऊ भातात दही कालवायचास, एकेक घास घोळवायचास, आणि दर घासाला "स्स" करायचास. डोळे मिटायचास. कधी गालाला तळवा लावायचास. मी समोर बसून बघायचे. तुला दुखतंय याचं वाईट वाटायचं आणि दुखतंय याचाच मला धीर यायचा. मूर्ख बाई! असं तू मनातल्या मनात म्हणत होतास का रे?

एका रविवारी तू विचारलंस, "कमे, तुझ्या त्या पांढऱ्या पेशी. त्या परका बरोबर ओळखतात?" मी म्हटलं, ओळखतात. "आणि घरचाच असला तर? घरचाच कुणी फिरला तर?" मी परीक्षेत प्रश्न आल्यासारखं उत्तर दिलं. म्हटलं, तिथं त्या फसतात, आपलाच चेहरा दिसला की सोडून देतात. "हं," म्हणालास आणि दह्याचा पुढचा घास घेतलास. आणि "स्स" केलंस. त्या घासालासुद्धा केलंस!

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मानेत गाठ आली. ती लपवता येईना. इस्पितळात तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, "दही." तू कॉटवरून माझ्याकडे बघत होतास. बोलणं तोवर अवघड झालं होतं तुला. पण डोळे होते. हात होता. पाटी होती उशाशी. तिच्यावर तू पंख्याबद्दल लिहिलंस, क्रिकेटच्या स्कोअरबद्दल लिहिलंस. एवढं लिहायला काय झालं होतं, की कमल, तुझा दोष नाही?

काल खाडीवरून सगळे घरी परतले. ओटीवर बसले. काकांना अजून बोलायचं होतंच. "शिकून काय उपेग? तोंडाला झालेलं दह्यानं जातं का?" तेव्हा वहिनी आतून बाहेर आली. तुझी बायको, जी तुझ्यासमोर कधी आवाज चढवत नव्हती. ती काकांसमोर उभी राहिली.

"काका, दह्याला नावा ठेवू नका. माझे समोर तरी नको. दह्याचा गुन आला व्हता याना. तोंडान कायपन दुखत नव्हता. मी सुक्या जवल्याची चटनी करायची, लाल मिर्चीची, ती भाकरीला लावून पुसून खायाचे. सगला आठवडा खायाचे. एक दिवस हाय का हुय केला नाय. कमलनी रविवारचा दही घातला, त्याचा गुन तो. ती नसती तर यांचे किती हाल झाले असते."

काकांनी खाली बघितलं. वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाचवायला ठेवला तिनं तो हात, दादा.

आणि मला सगळं समजलं. सोमवारी चटणी, मंगळवारी चटणी. मिरची खाल्ली तरी समजत नाही. धर्मा तसंच बोलला होता ना? तुला दुखत नव्हतं. पहिल्यापासून दुखत नव्हतं. तू बोट घालून स्वतःच स्वतःला चाचपलं असशील, कडेनं टणक लागलं असेल, आणि त्याच दिवशी तू ठरवून टाकलं असशील. बायकोसमोर सोंग करायची गरज नव्हती, तिला न दुखण्याचा अर्थ कळत नव्हता. मला कळत होता. तू शिकवला होतास. म्हणून फक्त माझ्यासमोर, फक्त रविवारी, फक्त दह्यावर, ते "स्स". आणि दह्याच्या दिवशी घरात मासळी नाही, जवळाही मासळीच, म्हणून चटणी नाही, म्हणजे तुला तिखट खाताना मी कधी बघणारच नाही. आयचा नियमसुद्धा तू कामाला लावलास. हुशार होतास, यात वाद नाही.

मी मान वर केली तर खांबाला टेकून धर्मा बसला होता. गमछ्याच्या वर त्याचे डोळे. तो माझ्याकडेच बघत होता. त्या ओटीवर न दुखण्याचा अर्थ कळणारी आम्ही दोनच माणसं होतो. त्यानं हळूच मान नकारार्थी हलवली.

मला बोलता आलं असतं. एका वाक्यात मी मोकळी झाले असते. त्याला माहीत होतं, काका, तुमच्या डॉक्टर पुतण्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यानं मला फसवलं. सगळ्या गावाची तोंडं बंद झाली असती. पण मग वहिनीला कळलं असतं की तू जाणूनबुजून गेलास. तिला कळलं असतं की खूण रोज तिच्याच ताटात होती, आणि ती वर आणखी चटणी वाढत होती. तिनं आयुष्यात पुन्हा जवळा हातात घेतला नसता. मी म्हटलं, "वहिनी, चहा टाकते," आणि आत गेले.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझ्यासाठी मी आता काही करणार नाही. तू गेलास आणि दोष माझ्या पदरात टाकून गेलास, आणि आता तो तिच्यासाठी मलाच जन्मभर सांभाळायचा आहे. गाव म्हणेल दह्यानं घात केला, वहिनी म्हणेल दह्याचा गुण आला. दोन्ही खोटं, आणि दोन्हीकडे मी मान डोलवायची.

तुझा घाव तुझा होता. जबडा तुझा, बोलणं तुझं. नाही काढायचा होता, नसता काढलास. मी भांडले असते, रडले असते, धर्माला तुझ्यासमोर आणून बसवलं असतं. तरी ऐकलं नसतंस तर शेवटी गप्प बसले असते. पण मला सांगून दही खाल्लं असतंस, तरी मी दर रविवारी आणलं असतं, दादा. तेच दूध, तोच डबा. एवढाही भरवसा नव्हता तुला माझ्यावर?

की तुला रविवारच हवे होते? मी समोर बसलेय, काळजी करतेय, पण घाबरलेली नाही, असे? तसं असेल तर ते तुला मिळाले. सगळे मिळाले. मलाही मिळाले, हे मी नाकारत नाही. लग्नानंतर आपण इतके सलग कधी बसलो होतो? तू वाटी चाटूनपुसून साफ करायचास, आईनं कान धरून बसवलेल्या पोरासारखा. न दुखणाऱ्या तोंडानं एवढं दही खाल्लंस. तेवढ्यासाठी मी तुझे आभार मानते. आणि तेवढ्यासाठीच तुला माफ करत नाही.

काल डोंबिवलीला परत आले ती तोंड पोळल्यासारखं घेऊन. जागरणं, अवेळी खाणं, तो कडू चहा. आज सकाळी आरशात बघितलं. खालच्या ओठाच्या आत एक फोड, पांढरा, भोवती लाल कड. बोट लावलं. कड मऊ आहे. साधाच आहे, आठवड्याभरात जाईल. पेशी पोचल्या असतील एव्हाना.

दहीभाताचं ते पान काकांनी सारलं तेव्हा डब्यात थोडं दही उरलं होतं. टाकवलं नाही. आता ओट्याशी उभी राहून तेच बोटानं घेतलं आणि फोडावर लावलं.

"स्स."

अगदी तुझ्यासारखं निघालं तोंडातून. तोच आवाज, तसेच डोळे मिटले. फक्त मला खरंच दुखलं, दादा.